रात्रीचे तीन आणि कपाटातली बाटली



यंदाच्या उपवासकाळात आमच्या धर्मग्रामात दारू सोडण्याच्या शपथा झाल्या नाहीत. एरवी दरवर्षी राखेच्या बुधवारी वेदीसमोर पाच-सहा पुरुष उभे राहायचे, बायबलवर हात ठेवायचे आणि ईस्टरपर्यंत थेंबही घेणार नाही असं सर्वांदेखत म्हणायचे. आम्ही चौघं धर्मशिक्षक त्यांच्या मागे उभे असायचो. नावांची यादी आम्हीच करायचो, घरोघरी जाऊन मनधरणीही आम्हीच करायचो. यंदा यादी का नाही, असं पुष्कळांनी विचारलं. काहींना वाटतं आम्ही ढिले पडलो. एका वडीलधाऱ्या बाईंनी तर मिस्सा संपल्यावर अंगणातच सुनावलं, "मास्तर, तुम्हीच असं केलं तर पोरांनी कुणाकडे बघायचं?" त्यांना तिथे उभ्या उभ्या उत्तर देता आलं नाही. ते इथे देतो आहोत.

दोन वर्षांपूर्वी त्या यादीत एक नाव होतं, आमच्या गायनवृंदात हार्मोनियम वाजवणाऱ्या काकांचं. (काकांनी आणि त्यांच्या मुलीने हे लिहायला परवानगी दिली आहे, ओळख पटेल असं काही आम्ही ठेवलेलं नाही.) काकी गेल्यानंतर काका पितात अशी कुजबुज होती. दिवसा कधी कुणी त्यांना प्यालेलं पाहिलं नव्हतं. रविवारी सकाळी डोळे सुजलेले दिसायचे, सूर मध्येच चुकायचा, एवढंच. आम्ही चौघं त्यांच्या घरी गेलो. उधळ्या पुत्राची गोष्ट सांगितली, मुलीच्या लग्नाची आठवण करून दिली, चारचौघांतल्या मानाची गोष्ट काढली. तासभर बोललो. काका खाली मान घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बरं, घालतो शपथ."

बुधवारी त्यांनी शपथ घातली. शुक्रवारी पहाटे त्यांच्या मुलीचा फोन आला. काकांना फिट आली होती, न्हाणीघराच्या दारात पडले होते, कपाळ फुटलं होतं. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा हाताला सलाइन होतं आणि दोन्ही हात थरथरत होते. आम्हाला पाहून त्यांनी उठायचा प्रयत्न केला आणि म्हणाले, "मास्तर, शपथ मोडली नाही हं मी."

डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून विचारलं, अचानक दारू बंद करायला यांना कुणी सांगितलं? आम्ही चौघंही गप्प. मग त्यांनी समजावलं. जो माणूस महिनोन्‌महिने रोज बऱ्यापैकी पितो, त्याच्या मेंदूने दारू गृहीत धरलेली असते. दारू मज्जासंस्थेला दाबून ठेवते, आणि मेंदू त्या दाबाविरुद्ध स्वतःला चढ्या पट्टीत ठेवायला शिकतो. एका दिवसात दाब काढून घेतला की ती चढी पट्टी तशीच राहते. हात कापतात, घाम सुटतो, छाती धडधडते. शेवटच्या पेल्यानंतर साधारण 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींना भ्रम होतो, भिंतीवर नसलेलं दिसू लागतं, आणि उपचार झाले नाहीत तर त्यात माणूस दगावूही शकतो. अशा माणसाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं आणि बी-वन जीवनसत्त्व देऊन सोडवायची असते. आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. पंधरा वर्षं शपथा घालत होतो, आणि ठाऊक नव्हतं.

दुसरी गोष्ट काकांनी स्वतः सांगितली, ती चार दिवसांनी, जरा सावरल्यावर. काकी होत्या तोवर ते नाताळला आणि लग्नकार्याला घोटभर घेत, त्यापलीकडे नाही. काकी गेल्या आणि झोप गेली. दहाला अंथरुणावर पडायचं, बारापर्यंत कूस बदलायची, डोळा लागला तर तीनला जाग. मग उजाडेपर्यंत छताकडे बघत राहायचं. जेवणाची चव गेली. हार्मोनियमवरचा कपडा काढावासा वाटेना. हे त्यांनी एका नातेवाइकाला सांगितलं. तो म्हणाला, झोपताना थोडी घेत जा, मस्त झोप लागेल. नव्वदचं एक पाकीट. पहिल्या आठवड्यात खरंच झोप लागली. महिन्याने एका पाकिटाने लागेना, दोन झाली. नंतर गोव्याहून येणाऱ्या एकाकडून बाटली मागवायला लागले, कारण तिथे स्वस्त. काका म्हणाले, "मला प्यायचं नव्हतं मास्तर. मला फक्त झोपायचं होतं."

आमच्या तासाभराच्या उपदेशात "काका, झोप लागते का?" हा एक प्रश्न आम्ही विचारला नव्हता.

त्या दिवशी दवाखान्यातून परत येताना रिक्षात कुणी बोलत नव्हतं. खानापूर रोडला आल्यावर आमच्यातलाच एकजण म्हणाला, "माझंही तेच चाललंय. दीड वर्ष झालं." तो कोण, हे आम्ही लिहिणार नाही. आम्ही चौघं आहोत, आणि हे लिहिताना चौघंही बसलो आहोत. त्याचीही बाटली कपाटात होती, धर्मशिक्षणाच्या पुस्तकांच्या मागे. तोही शपथेच्या यादीवर सही करायचा.

म्हणून या विषयावर आमचं मत आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही.

आपण ख्रिस्ती लोक दारूविषयी दोन टोकांना बोलतो. घरात बारसं असो की मयत, पेला येतोच. लहानपणी सर्दी झाली की आजीने चमचाभर ब्रँडी पाजलेली आपल्यातल्या अर्ध्याअधिकांना आठवत असेल. दारू म्हणजे औषध, दारू म्हणजे पाहुणचार, हे आपल्या हाडात आहे. आणि तोच माणूस जरा जास्त प्यायला लागला की एकदम पापी, घराण्याला डाग. मधलं काही नाहीच. ज्याला रात्र नको झाली आहे आणि ती लवकर संपावी म्हणून जो पितो, त्याच्यासाठी आपल्याजवळ शब्दच नाही. त्याला आपण बेवडा म्हणतो किंवा काही म्हणत नाही.

आता दारूने झोप येते का, तर येते. हे खोटं सांगून उपयोग नाही, कारण ज्याला येते तो आपल्यावर विश्वास ठेवणार नाही. डोळा लवकर लागतो, पहिले दोन-तीन तास झोप गाढही असते. पण शरीर ती दारू तासातासाला पचवत असतं. मध्यरात्र उलटते, अंमल उतरतो, आणि दाबून ठेवलेलं सगळं उसळी मारतं. स्वप्नांची जी झोप मनाला सावरण्यासाठी लागते ती दारूने आधीच कापलेली असते. तीनला जाग येते, तोंड कोरडं, हृदय धडधडत, आणि मनात नको नको ते विचार. घोरणं वाढतं, श्वास अडकतो, ते वेगळंच. गंमत अशी की नैराश्याच्या आजारातही पहाटे फार लवकर जाग येणं हे एक ठरलेलं लक्षण आहे. म्हणजे आजार तीनला उठवतो, आणि त्यावर घेतलेली दारूही तीनलाच उठवते. माणसाला वाटतं कालची कमी पडली, आज जास्त घ्यावी. असं एकेक बोट वाढत जातं. वर दारू स्वतःच मन आणखी खाली खेचते, नैराश्यावरच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचा गुण येऊ देत नाही, आणि झोपेच्या गोळीसोबत घेतली तर श्वास बंद पडण्याची भीती. आणि पहाटेच्या त्या घटकेला जीव नकोसा झालेल्या माणसाच्या पोटात दारू असली तर स्वतःला आवरण्याची ताकदही कमी झालेली असते. हे लिहिताना आमचा हात थांबतो आहे, पण लिहायला हवं.

आमच्यातल्या त्या एकाला सर्वांत जास्त खुपलं ते हे की त्याने कबुलीत ही गोष्ट कधी सांगितलीच नव्हती. का, तर त्याला ते पाप आहे की नाही हेच कळत नव्हतं. पाप म्हणून सांगितलं तर फादर म्हणतील सोड, आणि सोडता येत नाही म्हणजे पश्चात्ताप खोटा. यावर आम्ही खूप बोललो. आपल्या धर्मशिक्षणग्रंथाच्या 1735 व्या परिच्छेदात स्पष्ट आहे की सवय, भीती आणि मनाच्या इतर अवस्था यांनी माणसाच्या कृतीची जबाबदारी कमी होऊ शकते, कधी नाहीशीही होऊ शकते. आम्ही हे पुढच्या बाकावरच्या मुलांकडून पाठ करून घेतलेलं आहे. शेजारच्या घरात लावून पाहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात आम्ही चिनी संत मार्क जी तियानशियांग यांची गोष्ट पुन्हा वाचली. ते डॉक्टर होते. पोटाच्या दुखण्यावर त्यांनी अफू घेतली, औषध म्हणूनच, आणि ती सुटली नाही. कबुलीत तेच तेच पाप घेऊन येतो म्हणून त्यांना संस्कार नाकारले गेले. सुमारे 30 वर्षं ते ख्रिस्तशरीराविना राहिले, पण मिस्सेला येत राहिले. 1900 च्या बॉक्सर उठावात ते कुटुंबासह रक्तसाक्षी झाले. सांगतात की त्यांनी मारेकऱ्यांना विनंती केली, मला सर्वांत शेवटी मारा, म्हणजे माझ्या घरचं कुणी एकटं मरणार नाही. 2000 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना संत घोषित केलं. अफू सुटली होती की नाही? सुटल्याची नोंद नाही. ज्यांनी त्यांना 30 वर्षं बाहेर ठेवलं त्यांच्याविषयी आम्ही कठोर बोलणार नाही, त्या काळी व्यसनाचं शास्त्र कुणाला माहीत नव्हतं. आज आहे.

पवित्र शास्त्राकडे वळू. नीतिसूत्रांच्या 31 व्या अध्यायात एक राजमाता आपल्या मुलाला शिकवते, आणि तिथे दुःखाने कडवट झालेल्यांना द्राक्षारस द्यावा, म्हणजे ते आपलं कष्ट विसरतील, अशा अर्थाची दोन वचनं आहेत. पिणारी माणसं ही वचनं आम्हाला ऐकवतात आणि आम्ही विषय बदलायचो. बदलू नये. दुःखी माणूस पेल्याकडे का वळतो हे शास्त्राला ठाऊक आहे, एवढं त्यातून नक्की कळतं. गुलगुथावर येशूलाही बोळ मिसळलेला द्राक्षारस देऊ केला होता, वेदना बधिर व्हाव्यात म्हणून. त्याने तो घेतला नाही, असं मार्क लिहितो. आम्ही वर्गात याचा उपयोग दारूविरुद्ध करायचो, बघा, प्रभूनेसुद्धा नको म्हटलं. आता जरा लाज वाटते. क्रुसावर असलेल्याने नको म्हटलं ही एक गोष्ट, आणि दुसऱ्याच्या क्रुसाखाली उभं राहून आपण त्याला नको म्हणणं ही दुसरी.

आम्हाला खरं उत्तर एलियाच्या गोष्टीत सापडलं, पहिल्या राजेच्या 19 व्या अध्यायात. कर्मेल पर्वतावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा, आणि दुसऱ्याच अध्यायात रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो आहे. मग झोपतो. देवदूत येतो, त्याला स्पर्श करतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं पुढे ठेवतो. एलिया खातो आणि परत झोपतो. देवदूत रागावत नाही. विश्वास कुठे गेला, असं विचारत नाही. त्याच्याकडून शपथ घेत नाही. दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खायला देतो आणि म्हणतो की तुझ्या बळाच्या मानाने वाट फार लांबची आहे. देवाचं बोलणं त्यानंतर, चाळीस दिवस चालून होरेबला पोचल्यावर. आम्ही मात्र भाकरीच्या आधी होरेबला पोचलो होतो.

आता त्या अंगणातल्या बाईंचं म्हणणं. त्यांचा राग आम्हाला समजतो. त्या म्हणतात, तुम्ही पिणाऱ्याचं मन बघत बसा, त्याच्या हातचा मार आम्ही खाल्लाय. त्यांचं बरोबर आहे. नवऱ्याला झोप येत नाही म्हणून बायकोने मार सोसावा, असं आम्ही म्हणत नाही आणि कुणी म्हणू नये. जिथे मारहाण आहे तिथे आधी बाई आणि मुलं सुरक्षित व्हायला हवीत, क्षमेचं प्रवचन त्यांना देऊ नये. पण शपथेनेही त्यांचा मार थांबला नव्हता, हे त्याच आम्हाला सांगतात. ईस्टरच्या रात्री काय व्हायचं ते सगळ्या वाडीला माहीत होतं. आणि एक गोष्ट हळूच सांगतो, स्टीलच्या पेल्यातून रात्री थोडं घेऊन झोपणाऱ्या बायकाही आपल्यात आहेत. त्यांची नावं कुठल्याच यादीत कधी आली नाहीत, कारण त्यांना विचारण्याची आमची हिंमत नव्हती.

ज्यांच्याविषयी आम्हाला खरोखर राग आहे ते वेगळे. कुठल्याशा प्रार्थनासभेतून परत आल्यावर एका तरुणाने नैराश्याच्या गोळ्या गटारात टाकल्या, कारण तिथे कुणी सांगितलं, विश्वास असेल तर गोळ्या कशाला. महिन्याभरात तो रात्री प्यायला लागला. मधुमेहाच्या गोळ्या कुणी असं टाकायला सांगत नाही. मनाच्या गोळ्या चालू करायच्या, बदलायच्या, थांबवायच्या, ते डॉक्टरांनी. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, तोवर धीर द्यायला धर्मग्राम आहे. वाटणी इतकी सरळ आहे.

आम्ही चौघं काही वैद्य नाही, बी.ए., एम.ए. झालेली माणसं. पण आमच्या शेजारच्या गोव्यात झालेलं एक काम वाचून बळ आलं. संगाथ संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या स्थानिक माणसांना, ज्यांच्याजवळ मानसशास्त्राची पदवी नव्हती, शिकवून तयार केलं. नैराश्य असलेल्यांशी त्यांनी 6 ते 8 बैठका बोलायचं, आणि अपाय होईल इतकं पिणाऱ्या पुरुषांशी 1 ते 4. त्याचे निकाल 2017 साली लॅन्सेटमध्ये छापून आले, आणि दोन्हींचा फायदा झाला असं दिसलं. नैराश्याच्या बैठकांचा गाभा सोपा होता: सुटून गेलेली छोटी छोटी कामं, ज्यात कधी बरं वाटायचं, ती थोडी थोडी पुन्हा सुरू करायची. अर्थात त्यांनाही आधी शिकवलं गेलं होतं आणि वर देखरेख होती. अंगात आलं म्हणून कुणी समुपदेशक होत नाही, आम्ही तर नाहीच.

काकांना त्यांच्या मुलीने आणि आम्ही मिळून धारवाडच्या डिमहान्समध्ये नेलं. आपल्याकडे "याला धारवाडला न्यायला पाहिजे" हे वाक्य लोक चेष्टेने म्हणतात. काकांनाही तीच लाज होती. बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. तिथे रांगेत एक निवृत्त शिक्षक, एक कॉलेजची मुलगी, एक नुकतीच बाळंत झालेली बाई बसलेली दिसली. परत येताना काका म्हणाले, "सगळी आपल्यासारखीच माणसं होती की."

उपचार चालू झाले. झोपेसाठीही वेगळं शिकवलं गेलं. रात्री कितीही जागले तरी सकाळी ठरलेल्या वेळी उठायचं, दुपारी लोळायचं नाही, चारनंतर चहा नाही, झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत न पडता उठून बसायचं. काकांना चहा सोडणं दारूपेक्षा जड गेलं, असं ते म्हणतात. मध्ये दोनदा पाय घसरला. दोन्ही वेळा त्यांनी स्वतः फोन केला.

तर यंदा आम्ही शपथेऐवजी काय केलं ते सांगतो. घरभेटीला गेलो की आधी झोप विचारतो, मग जेवण, मग बाकीचं. कुणी रोज पितो असं कळलं तर एकदम सोड म्हणत नाही, डॉक्टरांकडे चला म्हणतो, आणि सोबत जातो. जीव नकोसा वाटतो का, हे स्पष्ट शब्दांत विचारायला शिकलो. विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो ही आमची जुनी समजूत चुकीची होती. सूचनाफलकावर टेलिमानसचा 14416 हा क्रमांक लावला आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, आणि तिथे मराठीतही बोलता येतं, कन्नडमध्येही. ज्यांना हा लेख वाचताना आपलीच रात्र आठवली, त्यांनी उपवासकाळ संपायची वाट बघू नये. बाटलीची गोष्ट डॉक्टरांना खरी सांगा, किती आणि कधीपासून, कमी करून सांगू नका; औषधाचं माप त्यावर ठरतं.

आमच्यातल्या त्या एकाचं कपाट आता रिकामं आहे, पुस्तकांमागची जागा अजून मोकळीच ठेवली आहे त्याने. आणि फलकावर 14416 च्या खाली धर्मग्रामातल्या पाच जणांचे फोन क्रमांक आहेत, रात्री कुणालाही लावता येतील असे. त्यातला पहिला काकांचा आहे. आम्ही त्यांना नको म्हटलं होतं, तुमची झोप मोडेल. ते म्हणाले, "अजून कधीमधी तीनला जाग येतेच. कुणाचा फोन आला तर बरंच की."